साडेदहाचं ऊन

१

आमच्या धंद्यात लाल रंग चांगला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हिरवं पान उन्हातला जो उजेड परत फेकतं, त्यातला बराचसा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. उपग्रहावरच्या यंत्राला दिसतो. तो चित्रात दाखवायचा कसा, म्हणून आम्ही त्याला लाल रंग देतो. त्यामुळे आमच्या चित्रांत जोमातला ऊस लालभडक, करपलेलं पीक फिकट गुलाबी, पडीक माळ राखाडी आणि पाणी काळं. पुण्यातल्या ऑफिसात एसीत बसून अशी चित्रं वाचणं, ही माझी नोकरी. इंद्रजित तिला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचा. तो शेजारच्या टेबलावर बसायचा, बारामतीकडच्या ऊसवाल्यांच्या घरातला, चहा आणि टिंगल दोन्ही सढळ हातानं करणारा.

शहाण्णव साल संपत आलं होतं. नव्या उपग्रहाची चित्रं हैदराबादहून टेपवर यायला लागली होती, आणि आमच्याकडे एक काम आलं. गावांच्या कचरा डेपोंभोवती जमीन आणि पाणी किती नासलंय, ते वरून ओळखता येतं का बघा. डेपो निवडायचं काम माझ्याकडे होतं. पहिला मी खडकमाळचा घातला. इंद्रजितनं भुवया उंचावल्या.

"घरचा डेपो आधी काय?"

"घरचाच आधी," मी म्हटलं.

खडकमाळ म्हणजे बारामतीहून भिगवणला जाताना आत लागणारी आमची वस्ती. वस्तीच्या वरच्या अंगाला मुरमाची जुनी खाण आहे. तिच्यात एका गावाचा कचरा पडतो. कुठल्या गावाचा ते मुद्दाम सांगत नाही, कारण तसली गावं सगळीकडेच आहेत. खाणीच्या खाली उतारावर आमचं रान आणि रानात माझ्या वडिलांची, आण्णांची विहीर.

माझ्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नसत. धर्मांतरानंतरच्या उन्हाळ्यात आज्यानं आणि सतरा वर्षांच्या आण्णांनी कातळ फोडून ती विहीर काढली. तिला पाणी लागलं त्या दिवसापासून आमच्या घरानं कुणाच्या दारात ओंजळ धरली नाही. गेल्या दोन वर्षांत त्या पाण्याला चहाचा रंग यायला लागला होता. शाळू वीतभर वाढून पिवळा पडत होता. टँकरचं पाणी प्या म्हटलं की आण्णा उठून जायचे.

माझा हिशेब साधा होता. चित्रात डेपोभोवती फिकट कडं दिसलं की अहवाल जाईल, डेपो हलेल, आणि आण्णांना आपल्या विहिरीचं पाणी निर्धास्त पिता येईल.

२

आण्णांना हे सगळं समजावून सांगायला मी सुट्टी काढून गेले. ओट्यावर बसून त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ते यंत्र आपल्या रानावरनं जातंय?"

"जातंय. सकाळी साडेदहाच्या सुमाराला. नेहमी त्याच वेळेला जातं."

"रोज?"

"रोज नाही. तीन-साडेतीन आठवड्यांनी एकदा."

"आन् तू तितं पुण्यात बसून बघती."

"बघते."

"मग मी दिसन का?"

मी हसले. चित्रातला एक ठिपका म्हणजे आपलं घर, गोठा आणि अंगण मिळून होईल एवढी जमीन. त्यात माणूस कसला दिसतोय? पण त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं होतं, ते मोडायला माझी जीभ रेटेना. "उभे राहून बघा," मी म्हटलं, "दिसाल कदाचित."

आई आतून म्हणाली, "ह्यांना यवढंच पायजे व्हतं."

तेव्हापासून आण्णा रोज साडेदहाला खाणीच्या कडेला जाऊन उभे राहायला लागले. नेमका कुठला दिवस ते कुणी सांगावं, म्हणून रोज. आणि लेक डेपोच बघतेय तर डेपोपाशीच उभं राहायला हवं, हाही त्यांचाच विचार. आठवड्यातून एकदा आई फाट्यावरच्या एसटीडीवरून फोन करायची, आणि मागून आण्णांचा आवाज यायचा, "इचार तिला, दिसलो का?"

"नाही दिसलात," मी म्हणायचे. "जरा टोपी नीट घाला."

मला त्या खेळाचं फार सुख वाटायचं.

३

पहिलं चित्र उघडलं आणि माझा हिरमोड झाला.

डेपो होता. त्याच्या खालचं आमचं रान होतं. फिकट कडं मात्र नव्हतं. उलट डेपोच्या कुशीतच, जिथं काळवंडलेला कचरा आणि राख असायला हवी, तिथं एक डाग लालभडक पेटलेला होता. आसपासचा कालव्यावरचा ऊस त्याच्यापुढे फिका वाटत होता.

आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय हो, प्रदूषण कुठाय? इथं तर बाग फुललीय."

"सर, तिथं काहीच उगवत नाही. मी तिथंच वाढलेय."

"यंत्र खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

इंद्रजितनं माझी बाजू घेतली. नकाशावर चित्र बसवताना ते थोडं सरकतं कधीकधी. शेजारच्या कुणाच्या उसाचा तुकडा डेपोवर येऊन बसला असेल. आम्ही दोघांनी रस्त्याचा फाटा, रेल्वेचा पूल, पाझर तलावाचा बांध, सगळं पुन्हा जुळवलं. सगळं जागच्या जागी बसलं. डागही जागच्या जागी राहिला.

पुढचं चित्र आलं. डाग खाणीच्या ओठावरून खाली आला होता. आण्णा जिथं उभे राहत होते तिथपर्यंत.

"वेडी बाभूळ असेल," इंद्रजित म्हणाला. "ती कशावरही वाढते."

"वेडी बाभूळ महिन्याभरात एवढी चालत येते?"

त्यानं चहा मागवला, आणि त्या दिवशी त्यानं एकही टिंगल केली नाही, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

४

प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये, डब्यांच्या शेजारी, एका खास फिल्मचे रोल ठेवलेले असायचे. त्या फिल्मलाही उपग्रहासारखंच दिसतं. जिवंत पान लाल, माती करडी, आणि माणसाची कातडी मेणासारखी पिवळट. एक रोल कॅमेऱ्यात भरून मी खडकमाळला गेले.

सकाळचे दहा वाजून गेले होते. खाणीच्या कडेला आण्णा उभेच होते. पायताणं काढून शेजारी नीट जोडून ठेवलेली, टोपी हातात, तोंड आभाळाकडे.

"आण्णा, काच असते इथं. पायात घाला."

"नगं. अनवाणी बरं वाटतंय. भुई उबदार हाय."

मी समोर बघितलं. चित्रातला लाल डाग जिथं होता, तिथं मोकळी, तडकलेली जमीन होती. एक काडी नव्हती. बाभूळ नव्हती, गवत नव्हतं, प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा नव्हत्या. वाऱ्यानं उडून सगळीकडे पडलेल्या पिशव्या त्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबल्या होत्या. कचऱ्यावर घारी घिरट्या घालत होत्या. त्यांच्या घिरट्यांचा गोल त्या तुकड्यापाशी आला की वाकडा व्हायचा. डेपोवरची कुत्री लांबून वळसा घालून जात होती. मला वाटलं, उष्णता असेल. कचरा आतून कुजतो, वायू सुटतो, जमीन तापते. पुस्तकात असतं हे सगळं.

मी खाली वाकून हात टेकला. जमीन उबदार होती खरी, पण तव्यासारखी नव्हे. ढवळ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला की लागते तशी. मी हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

आईला बोलावून मी दोघांना शेजारी उभं केलं. मागे मोकळं रान आणि विहीर. दोन-तीन फोटो काढले. आण्णा कॅमेऱ्याकडे बघेनात. त्यांची मान वरच.

"आवं, हिकडं बघा की," आई म्हणाली.

"वर बघाया पायजे," आण्णा म्हणाले. "तिला वरनं दिसतं."

घरी येऊन जेवायला बसलो. आण्णांनी ताटाला हात लावला नाही. भूक नाही म्हणाले, आणि विहिरीचं ते चहाच्या रंगाचं पाणी दोन तांबे प्यायले. उजेडात बघितलं तर त्यांच्या गालांवर तजेला होता. कानामागचे पांढरे केस मुळाशी काळे व्हायला लागले होते.

५

स्लाइडी धुऊन यायला दिवस लागले. त्याआधी आईचा फोन आला.

"हे रानातनं घरी येत न्हाईत गं. आधी साडेधाला जायचे आन् परत यायचे. आता दिस बुडस्तवर उभं ऱ्हात्यात. भाकरी शिवत न्हाईत."

"डॉक्टरांना दाखव."

"भिगवणचा डाक्टर येऊन गेला. नाडी बघितली. म्हनला, असली तब्येत मी ह्या वयात बघितली न्हाय."

"आणि आण्णा काय म्हणतात?"

"ऊन ग्वाड लागतं म्हनत्यात."

नंतर ती थोडी थांबली. मला वाटलं, आता मागून आण्णांचा प्रश्न येईल. मग आठवलं की आण्णा तिच्याबरोबर फाट्यावर आलेले नाहीत. गेल्या दोन फोनांत कुणी काही विचारलंच नव्हतं.

स्लाइडी आल्या. इंद्रजितनं खिडकीशी एक धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली. मग माझ्या हातात दिली.

आई होती. तोंड पिवळट, मेणासारखं, जसं असायला हवं तसं. आण्णा लाल होते. चेहरा, गळा, हात, पावलं, सगळं कोवळ्या पानासारखं लाल. सदरा आणि धोतर तेवढं पांढरं. त्यांच्या पावलांपासून तीच लाली जमिनीवर उतरली होती आणि मागे पसरत गेली होती. आम्ही उभे होतो तो ओसाड तुकडा स्लाइडीत ओसाड नव्हता. तो दाट होता. आणि त्याचा एक पट्टा विहिरीच्या कठड्यावरून आत उतरला होता.

"फिल्म खराब झाली असेल," इंद्रजित म्हणाला. "फ्रीज बंद पडला होता मध्ये."

"आई का खराब झाली नाही मग?"

साहेबांनीही दोष फिल्मवरच ठेवला. अहवालात खडकमाळच्या नावापुढे लिहिलं गेलं, परिसरात निरोगी वनस्पती आढळते. डेपो हलवायचा विषय तिथंच संपला. मी रडले, त्यांच्या समोरच रडले, आणि त्यांना वाटलं, अहवालासाठी रडते आहे.

६

इंद्रजितनं जीप काढली. त्याला मी विचारलं नव्हतं. "आण्णांना पुण्याला आणू," एवढंच तो म्हणाला, आणि मोरगावचा रस्ता धरून जीप हाकली.

आण्णा आता खाणीच्या कडेला नव्हते. खाण आणि विहीर यांच्या मधल्या उतारावर, भर उन्हात उभे होते. टोपी कुठं गेली होती कोण जाणे. केस काळेभोर झाले होते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून आल्या होत्या, आणि मला माझ्या लहानपणचे आण्णा दिसले, बैलगाडीतून मला शाळेला सोडणारे. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं ते वेगळंच. मला वाटलं, राहू देत. किती छान दिसतायत.

"आण्णा, चला. पुण्याला जाऊ."

"यवढं लांब?" ते हसून म्हणाले. "कसं येऊ? बसायचं म्हटलं तरी बसवत न्हाय."

"आम्ही धरतो," इंद्रजित म्हणाला.

"पाव्हणं, कशापायी तरास घेताय?"

मी एक दंड धरला, त्यानं दुसरा. दंड घट्ट आणि ओलसर लागला. आम्ही उचललं. आण्णा हलले नाहीत. पुन्हा जोर लावला तेव्हा त्यांच्या उजव्या पायाची टाच जमिनीपासून बोटभर सुटली, आणि आवाज आला. भुईमुगाचा वेल उपटताना येतो तो. मऊ मातीतून एक एक बारीक मूळ तुटत येतं तो.

"नगं गं, करुणे," आण्णा कळवळून म्हणाले, "दुखतंय."

टाच आणि माती यांच्या मधे मी बघितलं. पांढरं होतं, ओलं होतं, खूप होतं. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

मग दुसरी गोष्ट झाली. माशी बसली की बैल तेवढ्यापुरती कातडी थरकवतो, तशी समोरची सगळी मोकळी जमीन एकदा थरकली. आमच्या पायांपासून खाणीपर्यंत आणि इकडे विहिरीपर्यंत. डेपोवरच्या घारी एकदम उठून लांब गेल्या. विहिरीतून, आत काही जड वळल्यासारखा, पाण्याचा आवाज आला.

आम्ही दोघांनीही हात सोडले. टाच परत जागेवर गेली आणि आण्णांच्या तोंडावरची कळ पुसली गेली. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही.

मी धावत घरात गेले आणि आईचे कपडे पिशवीत कोंबायला लागले.

"ह्यांना टाकून?" आई म्हणाली.

"तू तरी चल. पाया पडते तुझ्या."

ती आली. पण येताना विहिरीच्या पाण्याची एक कळशी, तोंडाला फडकं बांधून, मांडीवर घेऊन बसली. पुण्याचं पाणी पचत नाही म्हणाली. ही विहीर आमच्या घरानं कातळातून काढली, तिचं पाणी प्यायचं नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगायचं होतं? घरी पोचल्यावर मात्र ती आंघोळीला गेलेली बघून मी कळशी उचलली. ते पाणी माझ्या मोरीत ओतायचीसुद्धा मला किळस आली. आमच्या बिल्डिंगसमोर एक मोकळा प्लॉट आहे, सगळी सोसायटी तिथं कचरा टाकते. मी तिथं जाऊन कळशी उपडी केली, आणि सुटल्यासारखं वाटलं.

७

वस्तीवरची माणसं आता त्या उताराच्या बाजूला जात नाहीत. फोन केला तर म्हणतात, "हायत की आण्णा, ठणठणीत हायत," आणि विषय बदलतात. मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा भिगवणला मासे खाऊन परत आले. इंद्रजितनं बदली मागून घेतली. जाताना मला म्हणाला, "तू चित्र उघडत जाऊ नकोस." पण मी उघडते. न उघडून कसं चालेल?

दर टेपेला डाग थोडा मोठा असतो. त्याच्या मधोमध एक ठिपका बाकीच्यांपेक्षा जास्त लाल असतो. एका ठिपक्यात माणूस दिसत नाही, हे मी आजही कुणालाही शास्त्रानं पटवून देईन. मला मात्र दिसतो.

संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, "दिसले का हे?"

"दिसले."

"कसे हायत?"

"चांगले आहेत, आई." आमच्या धंद्यात लाल रंग चांगला, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही. आई ऐकून घ्यायची आणि भाकऱ्या थापायला उठायची. तिला इथं करमायला लागलं होतं. तब्येत सुधारली होती तिची. गुडघे दुखायचे थांबले होते. मी बरं मानत होते.

काल रविवार होता. सकाळी मी उशिरा उठले. आई घरात नव्हती. ओट्यावर तिची भाकरी झाकलेली, तशीच न शिवलेली. मी गॅलरीत आले.

समोरच्या प्लॉटवर, मी जिथं कळशी ओतली होती तिथं, कचरा नव्हता. सोसायटीच्या पिशव्या आल्या होत्या त्या कडेकडेनं पडल्या होत्या, आणि मधे एक स्वच्छ मोकळा तुकडा होता. त्यावर आई उभी होती. चपला काढून शेजारी जोडून ठेवलेल्या. पदर डोक्यावरून घसरलेला, आणि खाली केसांचा भांग काळाभोर.

मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. आईनं मान वर केली. माझ्या गॅलरीच्याही वर, आभाळाकडे. तिच्या तोंडावर आण्णांचंच ते लहान मुलासारखं हसू होतं.

"करुणे," ती म्हणाली, "दिसले का गं मी?"